खुंटीवरचं जाळं

ऐनाच्या रानात आश्विनातली दुपार.
मुखरूमामा गुलेर घेऊन बसलाय, पाय अनवाणी.
वर कोशाच्या अळ्या, हिरव्या, अंगठ्याएवढ्या,
चरताहेत, कुरकुर कुरकुर,
झाडच स्वतःला खातंय असं वाटावं.

मी आरमोरीहून परीक्षेची वही आणलीय.
मामाला वाचून दाखवते,
खरं तर मलाच पाठ व्हावं म्हणून:
या अळीच्या पेशीपेशीत पोथी तीच.
डोळ्यात तीच, पायात तीच.
धागा कसा कातायचा ते पान
पायातही आहे, शब्दन् शब्द.
पण पाय कातत नाही.

"काऊन वं?"

त्या पानावर एक प्रथिन बसलंय, मामा,
दाराला पाठ लावून.
वाचणारा येतो, चाचपतो, परत जातो.
रेशमाच्या ग्रंथीत मात्र दुसरी प्रथिनं येतात,
ओळ सुरू व्हायच्या जरा आधी
ठरल्या अक्षरांच्या खाचेत बोट अडकवतात,
पान उघडतं.

मामा गुलेर ताणतो. सोडत नाही. पाखरू गेलेलं.
"अन् त्या बोटवाल्याले कोन बलावते?"
दुसरं प्रथिन.
"अन् त्याले?"
तिसरं. तेही याच पोथीतून निघालेलं.
"तं मंग सगळ्यात पयलं?"
मी वही चाळते.
पहिली काही, मामा,
आई अंड्यात ठेवून जाते.

तो गप्प.
पाच दिवसांचा होता तो, त्याची आई गेली तेव्हा.
मला हे वाचून झाल्यावर आठवतं.

मग तोच बोलतो, वर बघत:
"अळ्या झाडावर हायेत तोवर
आमाले मासोळी चालत नाई. दीड महिना.
जाळं खुंटीवर.
चोरीले नाई गेलं, फाटलं नाई,
हात इसरले नाईत.
फकस्त काढाचं नाई."

एवढं सोपं वहीत कुठेच नव्हतं.
मी ते लिहूनही घेतलं नाही.

उन्हं कलली तशी एका फांदीवरची कुरकुर थांबली.
मग शेजारच्या.
मला माहीत होतं: बालपण धरून ठेवणारा रस ओसरलाय,
दुसरा चढलाय,
आत कुठल्याशा प्रथिनाला जाऊन बिलगलाय;
खायची पानं मिटताहेत, कातायची उघडताहेत.
माहीत होतं, तरी ऐकू मामालाच आधी आलं.

एका अळीनं मान डोलावली,
दोन पानं जवळ ओढली,
मधे काहीतरी चमकलं, केसाहून बारीक.

"चूप," मामा म्हणाला.
मी बोलत नव्हतेच.