साडेचारला थांबणारा माग

साखर पेठेत, टॉवेलच्या गोदामावर माझा क्लास.
सात खुर्च्या, पाच संगणक,
आणि गल्लीतून फरशीत चढणारी खटखट.
इथं शिकवणारा गप्प बसला
तरी शांतता होत नाही.

पहिला प्रश्न दरवर्षी तोच.
"सर, झाडणारा आहे ना आत?
मग आपण कशाला आवरायचं?"
तिरुपती येमूल विचारतो, पाय हलवत.
आहे, मी म्हणतो. मॅनेज्ड कोडमध्ये
तुझ्यामागून कुणीतरी फिरतं,
ज्या वस्तूचं नाव आता कुणीच घेत नाही
ती उचलतं.
कधी येतं?
सांगून येत नाही.
"आपल्या नळासारखं," मागच्या खुर्चीतून.
सगळे हसतात.
चार दिवसांआड येणारं पाणी
या गावात कुठल्याही व्याख्येत शिरतं.

"आणि झाडताना वस्तू सरकवतं म्हणे.
मग माझ्याकडचा पत्ता?"

मला मामाची चाळ आठवते, गिरणीची.
गिरणी गेली, चाळ गेली,
पोस्टमन खोली नंबर बावीसचं पत्र घेऊन
मोकळ्या मैदानात उभा.
पत्ता शाबूत होता.
म्हणून बाहेरच्या कोडला पत्ता देणार असशील
तर आधी वस्तू जागेवर टाचून ठेव, काम होईतो.
"आणि टाचणी काढायचं विसरलो तर?"
मी फळा पुसायला घेतो.

रेणुका चिप्पा कधीच काही विचारत नाही.
एका गुरुवारी सगळे गेल्यावर म्हणाली,
"सर, अनमॅनेज्डकडून आलेली ओळ
मोकळी कुणी करायची?
देणाऱ्यानं का घेणाऱ्यानं?"

दिवसा ती अक्कलकोट रोडच्या कारखान्यात असते.
तिथला नवा माग रोज साडेचारला थांबतो.
मोर मानेपर्यंत विणून होतो, तुरा राहतो.
पडद्यावरचा भाग तिचा, सी शार्पमधला.
मागाशी बोलणारा भाग जुना, नुसत्या सीमधला,
लिहिणारा सुरतेला गेला, फोन उचलत नाही.
मालक म्हणतात व्होल्टेज.
फिटर म्हणतो धूळ.

मला उत्तर येत नव्हतं.
म्हणजे पुस्तकातलं येत होतं:
ज्याचा त्याचा करार.
करार सुरतेला.

उत्तर आईनं दिलं, असं रेणुका सांगते.
अनसूयाबाई मांडीवर सूप घेऊन,
फर्म्यावर पान, पानावर कात्री, मान खाली:
"पानं मोजून आणली, तंबाखू तोलून आणली,
कार्डावर चढली.
विड्या दिल्याशिवाय उतरत नाही.
तू सुपात काय झाकून ठेवलीस
ते कारखान्याला काय दिसतंय?
आणि ज्या खिडकीतून घेतलं त्याच खिडकीत द्यायचं,
शेजारच्या कारखान्यात नेऊन नाही."

"दोनदा दिल्याचं लिहिलं तर?"

"तर चेकर कामावरून काढतो,"
आई म्हणाली, आणि दोरा दातानं तोडला.

त्या रात्री ती जुना कोड तळापर्यंत वाचत गेली.
मोराची एकेक ओळ मागताना
तिकडून एकेक तुकडा येत होता,
सकाळी आठपासून, हजारांनी,
आणि परत एकही गेला नव्हता.
झाडणाऱ्याला ते दिसत नव्हतं.
त्याची हद्द अलीकडेच संपते.
शेवटच्या पानावर एक फंक्शन होतं, चार ओळींचं,
परत घेणारं,
ज्याला आजवर कुणी हाक मारली नव्हती.

शुक्रवारी साडेचार वाजले.
पावणेपाच.
पाच वाजून दहा मिनिटांनी मोराला तुरा आला.
रेणुका मागाच्या कडेला उभी,
कुणीतरी काहीतरी म्हणेल म्हणून.

हणमंतू, चौदा वर्षं मागावर,
आधी घड्याळाकडे बघितला, मग तिच्याकडे:
"काय करून ठेवलीस गं पोरी,
साडेचारचा चहा गेला की माझा."