पहिला प्रवेश

दांडिया बाजारात, कंसाऱ्याच्या दुकानावरच्या खोलीत तालीम.
खाली तांब्यावर हातोडी, वर माझ्या मांडीवर वही,
तिला गुजराती कॅलेंडरच्या मार्च महिन्याचं कव्हर.

"आलास? बस."
"बसतो. ही खुर्ची बाबांचीच ना?"
"खुर्ची घरची आहे."

एवढंच. मग चहा येतो, बहिणीचं पत्र येतं,
प्रेक्षक सैलावून पाय लांब करतील.
मला वीस वर्षं विंगेत बसून ऐकू येतं ते वेगळंच:
धाकटा 'दादा' म्हणाला नाही.
थोरल्यानं 'जेवलास का' विचारलं नाही.
ज्याला मरायचंय तो अजून उभाच आहे.

आज हेरंब चित्रे चुकला. म्हणाला,
"खुर्ची माझी आहे."
खालची हातोडी थांबली,
का मलाच तसं वाटलं.
दिग्दर्शक म्हणाले, राहू दे, जोरकस वाटतंय.

पेन्सिल दाताखाली धरून मी पानं चाळली.
'माझी' हा शब्द
तिसऱ्या अंकात आहे, फरशी पुसून झाल्यावर.
तोवर त्यानं
घरची, घरची
म्हणत राहायला हवं.

"काकू, पुढचं वाक्य?"
मी पुन्हा तेच दिलं.