इतिवृत्त, पान एकशे बारा

सभा बर्फाच्या कारखान्याच्या माडीवर, साडेचारला.
हजर तेरा. पंखा एक, टेबलावरचा, अध्यक्षांकडे तोंड करून.
खालून अमोनियाचा वास जिन्याने वर येतो,
त्यामुळे इथे कोणाच्या डोळ्यांत पाणी का आलं
ते कधीच कळत नाही.

मी चिटणीस. मला बोलायचं नसतं.
मी लिहिते : सर्वानुमते मंजूर.
नऊ वर्षांत बोटांना इतकी सवय
की वाणसामानाच्या यादीखालीही एकदा लिहून गेले.

पक्ष मुंबईत फुटला, गेल्या मार्गशीर्षात.
बंदरात तो आवाज पोचायला आठवडा लागला.
मग कुबलांच्या पडवीवरचा झेंडा बदलला,
गिरकरांचा तोच राहिला.
भजनी मंडळाचा पखवाज त्या वाडीत गेला, पेटी ह्या वाडीत राहिली
आणि एका हळदीला दोन पंगती बसल्या,
सुरमई मात्र एकाच होडीची.

विषय क्रमांक चार :
जेटीलगतची वाळवणाची जागा, बाहेरच्या कंपनीला, तीस वर्षं.
(माझ्या आईची जागा तिसरी, फुटक्या जांभ्यापासून.
हे इतिवृत्तात येत नाही.)
अध्यक्ष म्हणाले, वरनं सांगून आलंय.
वर म्हणजे कुठे, कोणी विचारलं नाही.
माडीच्या वर कौलं आहेत.

हात वर झाले. काही खांद्यापर्यंत, काही कानापर्यंत,
गुरुनाथ जुवाटकराचा डोकं खाजवायला गेला तो तिथेच थांबला.
आणि बघा, दोन्ही झेंड्यांचे हात.
हळदीला जे एका पंगतीत बसले नाहीत
ते ह्या एका ओळीत बसले.

तेव्हा जयदेव तारी उठला,
अध्यक्षांच्याच पॅनेलचा, त्यांच्याच मतांवर आलेला.
‘भाऊ, तू अध्यक्ष आसस. दर्याचो खोत नाय.’
मग माझ्याकडे वळून :
‘वैजू, माझो इरोध लिवून घे.’

विरोध लिहायचा असतो, हे मला ठाऊक होतं.
कुठे, ते ठाऊक नव्हतं.
नऊ वर्षांच्या वहीत त्याच्यासाठी रकाना नाही.

पोटनियमांची पुस्तिका कपाटात, मागची पानं वाळवीने नेलेली.
सत्तेचाळीस शाबूत : जमीन देणं आमसभेचं काम.
अध्यक्षांनी सभा चालवावी,
बरोबरी झाली तर एक मत जादा द्यावं.
बस्स. एवढंच.
मी ते मोठ्याने वाचलं.
वाचायला मला कोणी सांगितलं नव्हतं.
पंखा फिरत होता, अध्यक्षांचे कागद उडत होते,
ते एक हात कागदांवर ठेवून ‘पुढचा विषय’ म्हणाले.

अकरा विरुद्ध एक.
जादा मत वापराविना पडून राहिलं.

रात्री भाऊ आमच्या पायरीशी आले. चपला काढल्या नाहीत.
‘ती ओळ तेवढी...’
आत माझा नवरा, त्यांच्याच ट्रॉलरवरचा तांडेल,
भाकरी मोडत होता. मोडतच राहिला.
मी म्हटलं, बॉलपेन आहे, भाऊ. खोडलं की जास्त दिसतं.
ते थोडा वेळ उभे राहिले.
मग कुत्र्याला हाड म्हणाले आणि गेले.

ठरावाचा कागद ओरोसला गेलाय.
परत येईल, न येईल.
नवऱ्याला ह्या महिन्यात एकच फेरी मिळाली.
फुटक्या जांभ्यापासून तिसऱ्या जागी
अजून बांगडे सुकतायत.

खाऱ्या हवेने वहीची पानं फुगतात.
अध्यक्षांचा गोल शिक्का पसरून
माकुलासारखा झालाय, शाई सोडलेला.
वरची ओळ वाचता येते.

परवा जयदेव आला, त्या पानाची झेरॉक्स मागायला.
दोन रुपये घेतले.
पावती दिली.