गंगाजळी : नाम, स्त्रीलिंगी

गंगाखेडच्या उपकोषागारात
एकोणीस वर्षं मी शिक्के मारले.
माझ्या आधीचे गौसोद्दीनचाचा
शेवटपर्यंत ‘खजाना’च म्हणत राहिले.
कोषागार हा शब्द त्यांना
नव्या कवळीसारखा टोचायचा.

लोकांना वाटतं, आत नोटांच्या थप्प्या.
दोन कुलपं, दोन किल्ल्या, दोन माणसं,
एकट्यादुकट्याला उघडत नाही ते दार.
आत मुद्रांकांचे गठ्ठे,
दहावीच्या पेपरांचे सीलबंद पेटारे,
कुठल्याशा निवडणुकीची उरलेली सुतळी
आणि एक पाल, बहुधा कायम सेवेतली.
पैसा पडद्यावर येतो,
मार्चअखेरीला रात्री बारापर्यंत येतो,
आणि कुणी हात लावायच्या आत निघून जातो.

नोव्हेंबरात हयातीचे दाखले.
रांगेत केवळाबाई, पाटकऱ्याची बायको,
अंगठ्याला शाई लावून घेता घेता म्हणाली,
“नातू पेपर वाचत व्हता, बाई,
सरकारच्या गंगाजळीत खडखडाट हाय म्हून.
खडखडाट कसा व्हईल?
पाणी का वाजतंय?”

मी हा शब्द टिपणीत किती वेळा लिहिला होता.
राखीव, शिलकी, अडीनडीची ठेव.
कधी हलवून पाहिला नव्हता.

आमच्याकडं गोदावरी कुणी म्हणत नाही.
गंगाच.
धुणं गंगेला, दहावा गंगेला,
वाळूही गंगेचीच, रात्रीतून जाते ट्रकांनी,
तिचं चलन दिवसा भरतात आमच्याकडं,
चिमूटभर.

“मपल्या देव्हाऱ्यात व्हती की एक,”
केवळाबाई सांगत राहिली, मागची रांग चुळबुळत होती,
“सासऱ्यानं काशीहून आणलेली.
तांब्याची, मुठीएवढी, तोंडाला लाख.
चाळीस वर्सं कुणी शिवलं न्हाई.
लेकरं तापानं फणफणली, तरी न्हाई.
ह्यांची घरघर लागली तव्हा
म्या लाख फोडली.
आत थेंब नव्हता.”

कुणी चोरलं नव्हतं.
लाख शाबूत होती.

“मग?” मी विचारलं.
“मग काय. तशीच लावली व्हटाला.
त्यांनी गिळल्यावानी केलं.”

मी शिक्का मारला : हयात.

त्या संध्याकाळी महिन्याची तपासणी.
सोळंक्यांची किल्ली, माझी किल्ली.
मेणबत्तीवर लाख वितळवली,
उचकटलेल्या एका गाठीवर ओतली.
लाख म्हणजे हीही, आणि ती आकड्यातलीही.
दोन्ही हाताला चटका देऊन
थंड होतात.
बोट भाजलं. नळाखाली धरलं,
तर नळाला पाणी नव्हतं.

मग मी एक पेटारा
कानाशी धरून हलवला.
सोळंके म्हणाले, “काय ऐकताय, मॅडम?”

नोंदवहीत त्यांनीच लिहिलं, सीलं शाबूत.
खाली मी सही केली.