बूड नसलेली टोपली

लक्ष्मीपुरीत, बंद छापखान्याच्या माडीवर
लाओसच्या सात घरांचं केंद्र.
पाटीवर त्यांची वेटोळी अक्षरं,
खाली मराठी, 'केंद्र'वरचा अनुस्वार उडालेला.

तिथली चंथाबाई आमच्या बुरुड गल्लीत आली
आणि पेपरचा शंकू करून दाखवला,
चिरमुऱ्याला करतात तसला.
"असं. बांबूचं. वाफेवर भात."
म्हटलं, बाई, मी सुपं विणतो, दुरड्या, रोवळ्या,
तिरडीचा बांबूसुद्धा इथनंच जातो,
पण ह्याला बूडच नाही. उभं राहणार कसं?
"उभं नाही. हंडीच्या तोंडात बसतं."

तीन बिघडल्या.
चौथी घेऊन माडी चढलो
तर पोरं आजीच्या भाषेत आकडे म्हणत होती,
चुकलं की एकमेकांना "काय लेका!"
कोपऱ्यात कुणीतरी व्हिसाच्या झेरॉक्स लावत बसलेलं.
आजऱ्याचा घनसाळ चालत नाही म्हणे ह्यांना,
पुरेसा चिकटत नाही.
तांदूळ मणिपूरहून येतो, कधी येतही नाही.

निघताना म्हाताऱ्या बुनमीनं मनगट धरलं,
पांढरा दोरा बांधत पुटपुटली काहीतरी.
चंथा म्हणाली, अंगात बत्तीस जीव असतात,
भटकलेल्यांना ती हाका मारतीय.
मी सहज विचारलं,
"आजींचे आले का सगळे परत?"
चंथानं ते म्हातारीला सांगितलंच नाही.
टोपलीतला भात फळीवर उलटला,
शंकू तसाच उभा राहिला क्षणभर.

तीन दिवसांनी सोड म्हणाली होती.
आता मळलाय दोरा,
कामट्या काढताना अडकतो.