पुन्हा तेच

आरोग्य मंडळाचं पत्र येतं दर तिमाहीला,
सोबत एक आलेख.
खोऱ्यातल्या चौदा दवाखान्यांच्या चौदा काड्या,
त्यातली आमची सगळ्यात उंच,
वर्गात उगाच वाढलेल्या पोरासारखी
मान खाली घालून मागे उभी.

झोपेच्या गोळ्या : सरासरीच्या दुप्पट.
वेदनाशामकं : विचारू नका.
डॉक्टर प्रिदर्च चष्मा कपाळावर सारतात,
म्हणतात, बघ जरा, कोण कोण आहेत हे.

मी बघते. माझं कामच ते.
मी औषधं देत नाही, मोजते.
पडद्यावर नावं सरकत जातात
आणि प्रत्येकापुढे तेच दोन शब्द : पुन्हा तेच.

इडवाल, खांद्यासाठी, अकरा वर्षं.
खांदा कधीच बरा झाला,
पत्र्याचा कारखाना परत उघडला नाही.
वरच्या गल्लीतल्या तिघी बहिणी :
गोळी एकच, कारणं तीन,
आणि तिघींनाही वाटतं बाकीच्या दोघींना माहीत नाही.

मग मॉरविथ. वय एकोणऐंशी.
रात्री एक, झोपताना.
पहिली चिठ्ठी जुन्या डॉक्टर हॉपकिनांच्या हातची,
पिवळ्या कार्डावर, शाई तपकिरी झालेली :
"दोन आठवडे पुरे."
हॉपकिन जाऊन सव्वीस वर्षं झाली.
दोन आठवडे अजून चालूच आहेत.

फोन केला.
कशासाठी सुरू केली होती, आठवतंय का?
पलीकडे रेडिओ बारीक झाला.
"यॉरवर्थची रात्रपाळी असायची ना गं.
खाणीचा भोंगा अवेळी वाजला
तर ऐकू येऊ नये म्हणून."

खाण बुजवली. टेकाडावर गवत आहे, मेंढ्या आहेत.
यॉरवर्थ वर कधीच आला, धडधाकट,
आणि पुढे पुष्कळ वर्षांनी
भर दुपारी, जेवणाच्या टेबलावर गेला.
कारणाच्या रकान्यात मी लिहिलं : निद्रानाश.
रकाना लहान असतो.

अर्धी केली. मग पाव.
गोळी कापायचं यंत्र दिलं होतं,
ती लोण्याच्या सुरीनेच कापायची,
भुगा बोटाने टिपून घ्यायची.
आठ महिने लागले.
आमची काडी खाली आली,
पट्टी लावून पाहिलं, केसभर.
पत्रात शेरा : समाधानकारक.

मागच्या गुरुवारी आली होती.
न्यायचं काहीच नव्हतं.
खिडकीतून नेरिसने विचारलं, मग?
"सवय," म्हणाली. हातमोजे काढले, पुन्हा घातले.
"ऐकू येतं आता सगळं.
पहाटे तीनला मेंढ्या खोकतात, माणसासारख्या.
कुणीतरी परततंय असं वाटतं."

वाईट वाटतं का, हे मला विचारायचं होतं.
किंवा बरं.
नेरिसने तिला रेडिएटरजवळची खुर्ची दिली.
पुढचा नंबर इडवालचा होता.