पाचवा प्रश्न

खोली बंद असते तेव्हाही यंत्र चालूच असतं.
हे मी रोज कुणाला तरी सांगते:
सफाईच्या पोराला, नव्या नर्सला,
एकदा तर मोठ्या डॉक्टरांनाच,
खिशात कात्री घेऊन आत निघाले होते.
दिवे घालवा, कुलूप लावा, दिवाळीची सुट्टी द्या,
चुंबक झोपत नाही.
भिंतीआड त्याचा पंप चुकचुकत राहतो
पालीसारखा.

मे महिना. धंतोलीत डांबर चपलेला चिकटतंय
आणि मी आत स्वेटर घालून.
बिसन निनावे, वय अडुसष्ट, हात थरथरतात,
डोक्याचा एमआरआय.
सोबत पंचफुलाबाई. पिशवीत बाटली, रुमाल,
उन्हासाठी एक कांदा.

फॉर्म मी वाचून दाखवते,
लोक नुसती सही करतात.
पेसमेकर? नाही जी.
डोक्यात क्लिप? नाही जी.
कानात बसवलेलं यंत्र? तेवढं आइकू येते मले.
अंगात सळई, पट्टी, स्क्रू?
"मांडीत हाये ना. ट्रकनं उडवलं तवा
मेडिकलले टाकली. पोट्टी हिच्या पोटात होती."
कागद?
"कागद कुठचा जी. घरात पाणी शिरलं, त्यात गेला."

कोणत्या धातूची, कोणत्या साली, कुणी बसवली,
काहीच माहीत नाही.
निनावेंची निनावी सळई.
मांडीचा एक्स-रे काढला, हाडांच्या डॉक्टरांना गाठलं,
त्यांनी जेवता जेवता फिल्म उजेडाकडे धरली:
ही चालेल. हाडात मुरली आहे.
गरम लागलं तर घंटी दाबायला सांग.

ट्रे भरत गेला.
किल्ल्या. पाच रुपयांचं नाणं. करदोड्याची चांदीची पेटी.
बेल्ट. दात.
कानातली बाळी निघेना, तिला साबण लागला.

मग पाचवा प्रश्न.
डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का?

ते हसले. एवढं मोकळं
माझ्या खोलीच्या दारात कुणी हसत नाही.
"हिंगण्याले ग्राइंडरवर होतो, एकवीस वर्सं.
कण तं रोजचाच.
बाजूचा काढून दे रुमालाच्या टोकानं,
त्याचा मी काढो."
चष्मा नव्हता?
"होता ना. साहेब येत तवा."

पुन्हा एक्स-रे, आता डोळ्यांचा.
डाव्या खोबणीत, खोल,
मोहरी फोडली तर तिच्या तुकड्याएवढा
पांढरा ठिपका.
"दुखत नाही काही," ते म्हणाले.
दुखणार नाही. कित्येक वर्षं तो तिथे
निवांत बसून आहे.
पण आत गेलात, तर चुंबक त्याला हाक मारेल,
तो वळेल,
आणि वळायला तिथे जागा नाही.

पंचफुलाबाईंनी पदराने त्यांचा डावा डोळा पुसला,
कोरडाच होता.
"काहून वं," ते म्हणाले, "आता निघते का तो?"

सीटी करू, मी म्हटलं. डॉक्टर चिठ्ठी बदलून देतील.
ट्रे पुढे केला.
एकेक वस्तू परत खिशात गेली.
जी काढून ठेवायला हवी होती
ती तेवढी ट्रेमध्ये आलीच नव्हती.

दारातून ते मागे फिरले.
"मॅडम, ती फिल्म मले भेटंन का? डोळ्याची?"
कशाला?
"कंपनी बंद पडली तवा पैशासाठी गेलो होतो.
म्हने, तुमचं नाव रजिस्टरात नाही.
ग्राइंडिंगले तुम्ही नव्हतेच."

नियमाने फिल्म पेशंटचीच असते.
मी पाकिटात घालून दिली.

काचेतून पाहिलं:
भर दुपारी रस्त्याच्या मधोमध
थरथरत्या हातांनी त्यांनी ती सूर्यासमोर धरली होती
आणि पंचफुलाबाईंना बोटाने दाखवत होते,
हा पाय, हा.
रिक्षावाला हॉर्न देत होता.

मी आत आले. पंप चुकचुकत होता.
फॉर्मवर पाचव्या ओळीत
'होय' लिहायचं राहिलं होतं.
पेन बाहेर ठेवलेला.
परत जाऊन आणला.